पुठ्ठ्याआडची बाई

नानासो ऑपरेटरांना भुताखेताची भीती म्हणून कधी वाटली नाही. त्यांना यायची ती किळस. उभा जन्म तंबूतल्या टॉकीजच्या मशीनमागं गेला, जत्रांमागून जत्रा झाल्या, पडद्यावर किती हडळी नाचल्या नि किती मुडदे उठून बसले त्याची गणती नाही. पण रबराचं तोंड आणि लाल रंगाचा राडा दिसला रे दिसला, की भाकरीत केस निघाल्यागत नानासोंचं तोंड व्हायचं. थुंकायला कनातीबाहेर जायचे आणि परत येताना स्वतःशीच करवादायचे, "दाखवायची गोष्ट हाय व्हय ही?"

गाव उंब्रज. घरी बायको साळूबाई, एकुलती लेक क्रांती आणि थोडा ऊस, तोही भावाला वाट्यानं लावलेला. शेतात नानासोंचं मन कधी रमलंच नाही. टॉकीजचे मालक भाऊसो, त्यांचा तंबू गावोगावच्या जत्रांना जायचा आणि तंबूबरोबर नानासो. लोक भाऊसोंना मालक म्हणत, पण खेळ सुरू व्हायची वेळ झाली की सगळी पब्लिक मान वळवून बघायची ती नानासोंकडं. डोक्याला मफलर, तोंडात सुपारी आणि चेहरा कायम वैतागलेला; हसलेच कधी तर एका गालात. कुणी म्हणालं, "ऑपरेटर, जरा लवकर चालू करा की," तर उत्तर ठरलेलं, "घाई आसंल तर तूच नाच पडद्याम्होरं."

आता पुठ्ठ्याची गोष्ट सांगायलाच हवी, कारण तिच्याशिवाय नानासो कळायचे नाहीत.

तरणे होते तेव्हाची गोष्ट. खंडाळ्याकडच्या एका गावची जत्रा. भाऊसोंनी भुताचा पिक्चर आणला होता. पिक्चर तसा झकास. छपरावर कोण तरी चालतंय, कौलं वाजतायत, रांजणातलं पाणी आपोआप कमी होतंय, आणि घरातली सून एकटी. कोण आहे ते शेवटपर्यंत दिसत नाही. पब्लिकचा श्वास अडकलेला, बाया एकमेकींच्या अंगावर रेललेल्या, तान्ही पोरंसुद्धा गप. आणि शेवटाला दार उघडलं तर काय? अंगाला गोणपाटाचे केस डकवलेला एक माणूस! तोंडाला रबर, दात वाकडे, आणि वळला तेव्हा पाठीवरची चेन सगळ्या तंबूला दिसली. जो हशा उठला म्हणता! कुणी तरी पडद्यावर चप्पल फेकली. नानासोंच्या पायाची आग मस्तकाला गेली. इतका वेळ लोकांना मुठीत धरलं आणि शेवटी हे अस्वल आणून उभं केलं! त्यांना त्या रबराची अशी शिसारी आली, की त्या रात्री जेवणसुद्धा गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी खेळ लावताना त्यांनी मशीनच्या दिव्यात जळणाऱ्या कार्बनच्या कांड्यांच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून जवळ ठेवला. दार उघडायची वेळ आली आणि त्यांनी तो गप लेन्ससमोर धरला. पडदा काळा. आवाज मात्र चालूच. घोगरा श्वास, नखांची खरखर, सुनेची किंकाळी. आणि तंबूत जो हलकल्लोळ उडाला! एक पैलवान गडी कनात फाडून पळाला, त्याचं धोतर खुंटीला अडकून मागं राहिलं. चार गावांत बोभाटा झाला, की भाऊसोंच्या तंबूतलं भूत काही वेगळंच आहे. ज्यांनी आदल्या दिवशी हसून हसून पोट धरलं होतं, तेच परत तिकीट काढून आले आणि घाबरून घरी गेले.

तेव्हापासून भुताचा पिक्चर म्हटला की नानासोंचा पुठ्ठा आलाच. पिक्चर एकदा चालवून बघायचा, भूत कुठं कुठं तोंड दाखवतंय ते ध्यानात ठेवायचं आणि खेळाच्या वेळी बरोब्बर झाकायचं. मालकाची ना नव्हती. पब्लिकला वाटायचं पिक्चरच तसा आहे. नानासोंचं म्हणणं एकच, "भूत पडद्यावर नसतंय, मानसाच्या डोस्क्यात असतंय. ते भाईर काढून दाखवलं, की त्याचं नुसतं रबार हुतंय."

त्यांची आणखी एक खोड होती. खेळ चालू झाला की पडद्याकडं बघायचे नाहीत. बघायचे ते लोकांच्या मानांकडं. मशीन मागं, पब्लिक पुढं, त्यामुळं दिसायच्या त्या मानाच. मान ताठली म्हणजे खेळ लागला, मान इकडंतिकडं हलायला लागली म्हणजे पिक्चर पडला. पडद्याची त्यांना गरजच उरली नव्हती.

दिवस बदलले. रीळ गेलं, कार्बन गेला. मशीनच्या जागी नव्या प्रोजेक्टरचं डबडं आलं आणि डबड्याला लॅपटॉप. तंबू चार-दोन जत्रांपुरता उरला. आणि पिक्चर! शी! त्यांची तर बातच सोडा. नानासो म्हणायचे, आता सस्पेन म्हणून काही ठेवत नाहीत. नावाची पाटी पडायच्या आत आतडी बाहेर. डोळे काय उपटतील, जिभा काय लोंबतील, किडे काय वळवळतील! आणि त्याहून ओंगळ म्हणजे बघणारी माणसं. पडद्यावर एकाचं पोट फाडलेलं आणि हा खाली मांडी घालून भडंगाचे बोकणे भरतोय, वर हात चाटतोय! नानासोंना दोघांचीही सारखीच घाण वाटायची. एकदा असल्याच एका गड्याला ते बोलले होते, "आरं, निदान चाव तरी घास, का तू बी त्यांतलाच?"

अशा माणसाच्या पोटी क्रांती जन्मली. पोरीला नाटकाचा नाद. कॉलेजसाठी सांगलीला गेली ती तिथंच राहिली, नाटकाच्या स्पर्धा केल्या, एक ढाल मिळवली. ढाल साळूबाईंनी देव्हाऱ्याशेजारी ठेवली. मग साताऱ्याच्या आसपास सीरियलींची शूटिंगं व्हायला लागली आणि क्रांतीला कामं मिळायला लागली. कामं म्हणजे काय, तर मालकिणीमागं ताट धरून उभी राहा. मयताच्या घरात तोंडाला पदर लावून बस. लग्नाच्या गर्दीत अक्षता टाक. ज्या दिवशी दिसायची त्या दिवशी साळूबाई तास तास आधी टीव्हीसमोर ठाण मांडायच्या. "आवं, ती बघा! ती बघा!" म्हणेपर्यंत क्रांती गेलेली. आणि नानासो? सवय ती सवय. ते टीव्हीकडं बघायचेच नाहीत, साळूबाईंच्या मानेकडं बघायचे. मान पुढं गेली की समजायचं, पोरगी आली वाटतं.

म्हणजे बघा, दुनियेला पिक्चर दाखवणाऱ्या बापानं स्वतःची लेक पडद्यावर कधी बघितलीच नव्हती. क्रांतीला ते ठाऊक होतं. तिला ढाल नको होती, पेपरात फोटो नको होता. बापानं एकदा, फक्त एकदा, तिचं काम डोळे भरून बघावं, एवढीच तिची इच्छा होती.

आणि एके दिवशी तिचा फोन आला. "आण्णा, मेन रोल मिळाला. पिक्चरमधी!"

"कसला रोल?" नानासोंनी विचारलं.

ती पलीकडून म्हणाली, "हडळीचा."

नानासोंनी फोन साळूबाईंच्या हातात दिला आणि थुंकायला बाहेर गेले.

पिक्चरचं नाव 'शेवटचं आधण'. काढणारा वीरधवल म्हणून विट्याचा एक पोरगेला गडी, जमीन तेवढी गहाण टाकायची बाकी, नाही तर सगळं पणाला लावून बसलेला. गोष्ट अशी. गुऱ्हाळावरच्या एका बाईला दीर रागाच्या भरात उकळत्या रसाच्या काहिलीत ढकलून देतो आणि तोल जाऊन पडली म्हणून सांगतो. सगळे मान्य करतात. पुढच्या हंगामात गुऱ्हाळ पेटतं, आणि ती येते. शूटिंग सांगलीजवळच्या एका बंद पडलेल्या गुऱ्हाळात चाललं होतं. साळूबाईंनी लेकीसाठी धपाटी करून दिली आणि नानासोंना बळंबळं गाडीत बसवलं. "पोरीचं काम बघून या जरा. सारखं काय नाक मुरडायचं?"

नानासो पोचले तेव्हा क्रांती गुऱ्हाळाच्या पडवीत खुर्चीवर बसली होती. म्हणजे ती क्रांती आहे हे कुणी तरी सांगितलं म्हणून कळलं. अरिहंत नावाचा सांगलीचा मेकअपवाला तिच्या तोंडावर काम करत होता. घरचा सोवळा, कांदासुद्धा न खाणारा हा जैनाचा पोरगा, आणि हात बघावेत तर कोपरापर्यंत लाल. गालावर मेणासारखं काही तरी थापलेलं, त्याला भाजल्यावर येतात तसे फोड. एका बाजूची कातडी सुटून हनुवटीवर लोंबतेय. ओठाचा अर्धा भाग नाहीच, तिथं नुसते दात. आणि या सगळ्यावर अरिहंत पळीनं काकवी ओततोय!

"रक्ताला काकवीच बरी, काका," अरिहंत कौतुकानं म्हणाला. "चमकती बघा कशी. रंग कालवला की झालं. आणि ही कातडी साबुदाण्याच्या खळीची."

काकवीवर माशा घोंगावत होत्या. मुंग्यांची रांग खुर्चीच्या पायावरून चढून क्रांतीच्या मानेपर्यंत गेली होती. ऊन तापलेलं, काकवी आंबायला लागलेली, तिचा तो आंबूस वास, त्यात मेण, त्यात घाम. ज्या गालाचे लहानपणी मुके घेतले त्या गालावरून माशी फिरत आत दातांपर्यंत गेली आणि क्रांतीनं हूं का चूं केलं नाही, कारण तोंड हलवलं तर कातडी सुटली असती.

क्रांतीनं बापाला बघितलं. ओठ चिकटवलेले, बोलता येईना. हातानंच खूण केली, बसा. मग आपल्या गालाकडं बोट दाखवलं. हात लावून बघा की.

"नगं नगं," नानासो मागं सरकले. धपाट्यांचा डबा त्यांनी भिंतीकडेला ठेवला. तेवढ्यात कुणी तरी क्रांतीला चहा आणून दिला, तिनं तो नळीनं ओढला, आणि ओठाच्या फटीतून थोडा चहा काकवीत मिसळून खाली गळला. नानासो उठले. ती मेकअपमधनं बघत असताना, तिच्या डोळ्यांदेखत ते उठले आणि तडक रस्त्याला लागले. एस.टी. यायच्या आत दोनदा ओकले.

साळूबाईंनी विचारलं, "कसं वाटलं पोरीचं काम?"

"पोरगीच दिसली न्हाई," नानासो म्हणाले, "काम कुठलं दिसतंय?"

पिक्चर तयार झाला. मोठ्या थिएटरवाल्यांनी वीरधवलला दारातसुद्धा उभं केलं नाही. तेव्हा क्रांतीनंच भाऊसोंशी बोलून ठरवलं, म्हसवडच्या जत्रेत तंबूत लावायचा. म्हसवड म्हणजे साळूबाईंचं माहेर. क्रांतीचा मामा, माम्या, सगळा गोतावळा तिथं. ती लॅपटॉप घेऊन उंब्रजला आली आणि पिक्चर बापासमोर लावला. पहिला अर्धा भाग नानासोंनी बघितला, आणि खोटं कशाला बोला, त्यांना तो आवडला. विझलेल्या चुलाणातून धूर येतो. गूळ फोडला की आत लांब केस निघतो. दिराच्या हाताला कसला तरी चिकटपणा लागतो आणि कितीही धुतला तरी जात नाही. नानासोंची मान ताठ झाली. मग ती आली. तेच तोंड, तीच काकवी, आता पडद्याएवढी. नानासोंनी लॅपटॉपचं झाकण खाडकन मिटवलं.

"बास! हिथं झाकला की पिक्चर सोनं हाय. बाई दाखवूच नगा."

"का?"

"का म्हंजे? वंगाळ दिसतंय. लोकं एक तर हसतील न्हाई तर ओकतील. भ्या वाटायचं न्हाई. आवाज ठिवा, धूर ठिवा, क्यास ठिवा. बाई झाका."

क्रांती एरवी बापाला उलटून बोलणारी नव्हती. त्या दिवशी बोलली. "आण्णा, पिक्चरमधी बी सगळी हेच म्हंत्यात. पडली म्हना, झाका, बगू नका. जिला जाळली तिचं त्वांड कुनाला बघायचं न्हाई. आनि आता तुमी बी झाकनार?"

"आगं, भूत हाय ती!"

"भूत न्हाई. भाजलेली बाई हाय."

नानासोंनी सुपारी कातरायला घेतली. मग क्रांतीच जवळ बसली. म्हणाली, "बरं, मधी मी कुठं कुठं येते ते सांगते, झाकायचं तर झाका, मालक तुमी. पर शेवटाला आवाज बंद हुतो बघा. सगळा बंद. आनि मी एकटी दिसते. तिथं बोलनं न्हाई, किचाळनं न्हाई. ते माजं काम हाय आण्णा, आख्ख्या पिक्चरमधी तेवढंच खरं माजं. ते झाकू नका. आनि तुमी बघा."

"बरं."

"नाथाची आन घ्या."

"घेतली. सिदनाथाची आन, न्हाई झाकत," नानासो वैतागून म्हणाले. सुपारी तोंडात टाकली. बघायचं मात्र त्यांच्या आणेत आलं नाही, आणि ते दोघांच्याही ध्यानात राहिलं नाही.

म्हसवडला सिद्धनाथाची जत्रा भरली. मार्गशीर्षातली थंडी, गुलालानं माखलेली माणसं, पाळण्यांचा कलकलाट. भाऊसोंनी दिवेलागणीचा पहिला खेळ 'शेवटचं आधण'चा लावला. साळूबाई माहेरच्या सगळ्या बाया घेऊन पुढं बसल्या होत्या, इरकली नेसून, जसं काही घरातलं लग्नच. मामा लोकांना सांगत सुटला होता, भाची हाय आमची. वीरधवल खांबाला धरून उभा, चेहरा पांढराफटक. क्रांती बायांच्या अंगाला, अगदी कडेला बसली. तिथून पडदा दिसत होता आणि मान वळवली तर मशीनही.

नानासोंनी पुठ्ठा हातात घेतला. खेळ सुरू झाला.

धूर निघाला. केस निघाला. माना ताठल्या. नानासोंना बरं वाटलं. बाई यायची वेळ झाली आणि त्यांनी पुठ्ठा धरला. पडदा काळा झाला. एक बाई किंचाळली. पण मागं बसलेली पोरं किंचाळली नाहीत. ती ओरडली, "ए आबा, हात काढ की! आमाला दिसू दे!" कुणी शिटी मारली, कुणी मोबाईलची बॅटरी मशीनवर टाकली. नानासोंच्या डोळ्यांवर उजेड आला. एकजण भडंग चघळत म्हणाला, "पैसं दिल्यात म्हाताऱ्या, हडळ दाव!" नानासोंना असा संताप आला, की वाटलं पुठ्ठा त्याच्या थोबाडावर हाणावा. हडळ दाव म्हणे! माझी पोरगी आहे ती, भडव्या! पण पुठ्ठा लेन्ससमोरच धरून ठेवला. पुन्हा बाई आली, पुन्हा झाकली. पुन्हा आरडाओरडा. क्रांती मान वळवून बघत होती.

आणि मग आवाज बंद झाला.

पाळण्याचा भोंगा बाहेर वाजत होता तेवढाच. आत सगळं चिडीचूप. नानासोंचा हात सवयीनं वर गेला होता, पुठ्ठा लेन्सच्या तोंडाशी. आण आठवली. त्यांनी हात खाली घेतला. उजेड सरळ पडद्यावर गेला. आणि त्याच घटकेला नानासोंनी मान फिरवली. मुद्दाम फिरवली. त्यांना ती माशी आठवली, ओठाच्या फटीतून गळणारा चहा आठवला, तो आंबूस वास नाकात भरला. पोटची पोर, आणि तिच्याकडं बघवेना. त्यांनी डोळे लोकांच्या मानांवर रोवले. त्या हलत नव्हत्या. भडंग खाणाऱ्याचा हात तोंडाशी जाता जाता थांबला होता. कुणी हसलं नाही, कुणी ओकलं नाही. साळूबाईंनी पदर तोंडाला लावला आणि शेजारची म्हातारी नाक ओढायला लागली. पोरगी पडद्यावर किती वेळ होती कुणास ठाऊक. बरीच असावी, कारण नानासोंची मान अवघडली.

दिवे लागले. भाऊसो येऊन म्हणाले, "नानासो, पोरीनं नाव काढलं." वीरधवल तर रडतच होता. मामानं भाचीला ओढून गर्दीत उभं केलं, बाया तिच्या तोंडावरून हात फिरवायला लागल्या, कडाकडा बोटं मोडायला लागल्या. म्हसवडच्या आख्ख्या तंबूनं क्रांतीला बघितलं होतं. नानासो वायरी गुंडाळत राहिले. त्यांना वाटलं, चला, शब्द पाळला. सुटलो एकदाचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामाच्या सोप्यात सगळे चहाला बसले. क्रांतीला साताऱ्याची गाडी धरायची होती. पिशवी भरून ठेवलेली, केस ओले, तोंड स्वच्छ धुतलेलं. ती बापासमोर येऊन बसली.

"आण्णा, कशी झाली?"

"झ्याक झाली. लय झ्याक. लोकं अशी गप बसली म्हनतीस, मान म्हनून हलली न्हाई. त्यो मागचा भडंग खानारा..."

"लोकांचं न्हाई इचारत. शेवटाला मी काय केलं?"

नानासोंनी बशीत चहा ओतला. फुंकर मारली. "केलं की. चांगलं केलं."

"काय केलं?"

मामा पेपर वाचत होता, त्यानं पेपर खाली घेतला. नानासोंना साळूबाईंचा तोंडाला लावलेला पदर आठवला, म्हातारीचं नाक ओढणं आठवलं. आयुष्यभर मानांवरून पिक्चर ओळखलेला माणूस तो, त्यानं हाही ओळखला.

"रडलीस," ते म्हणाले.

क्रांतीनं मान हलवली. हो नाही, नाहीही नाही. आतून, चुलीपासून, साळूबाई म्हणाल्या, "आवं, रडली कुठं? हसली ती! एका गालात हसली, आक्षी तुमी हसताय तशी. तुमी काय झोपला हुता व्हय?"

नानासोंच्या हातातली बशी कलंडली आणि चहा धोतरावर सांडला. त्यांना किळस आली. त्या काकवीची नव्हे, माशांची नव्हे. आपली, आपल्या या मफलर गुंडाळलेल्या मानेची, जी एवढी एक वेळ सरळ राहिली नाही.

क्रांती उठली. पिशवी खांद्याला लावली. वाकून पाया पडली, रीत म्हणून.

"मुद्दाम तशी हसले, आण्णा," ती म्हणाली. "एवढ्या राड्यातनं बी तुमी वळखावं म्हनून."

आणि चपला घालून स्टँडकडं गेली.